उजव्याला कुंकू, डाव्याला चुना

चौसाळ्यात उतरून मोहनराव लाऊडस्पीकरवाल्यांचं घर विचारा, कुणीही हात करून दाखवील. वत्सलाबाईंचं घर विचारलंत तर माणूस जरा घुटमळेल, मग त्याच्या ध्यानात येईल आणि तो तेच घर दाखवील. या गोष्टीचं वत्सलाबाईंना कधी वाईट वाटलं नाही. बासष्ट वर्षांच्या आयुष्यात वाईट वाटून घेण्यासारख्या गोष्टी त्यांनी थोड्याच निवडून ठेवल्या होत्या, आणि त्यांत ही नव्हती.

मोहनरावांनी तीस-पस्तीस वर्षं कर्णे बांधले. लग्नं, जत्रा, सप्ते, निवडणुका. पाच कोसांत जिथं चार माणसं जमत तिथं खांबावर चढलेला माणूस म्हणजे मोहनराव. ते खांबावर आणि वत्सलाबाई घरी. पण घरी म्हणजे नुसतं चुलीपुढं असं नव्हे. कार्यक्रमाहून परत आलेल्या तारांची वेटोळी ओसरीत पडत. त्यांचा चिखल पुसून, कोपर आणि तळव्याभोवती गुंडाळून त्या खुंटीला लावणं हे बाईंचं काम. गुंडाळता गुंडाळता बोटांना कळायचं, इथं आतून तुटली आहे. वरून रबर शाबूत असायचं, पण त्या जागी तार जरा जास्तच वाकायची. बाई तिथं दोरा बांधून ठेवायच्या. मोहनराव आले की तेवढा तुकडा कापून जोडायचे आणि गिऱ्हाइकाला सांगायचे, "आपल्याला नुसतं बघून कळतं." बाई आत भाकरी थापत ते ऐकायच्या आणि भाकरी फुगली का बघायच्या.

शाळा चौथीपर्यंत झालेली. मराठी वाचता येत होतं. इंग्रजी अक्षरं म्हणजे मुंग्या. एका ओळीनं कुठंतरी चाललेल्या, पण कुठं ते कळत नसे.

पाटबंधारे खात्यातले एक इंजिनिअर बीडहून बदलून गेले तेव्हा त्यांचा स्टिरिओ मोहनरावांनी स्वस्तात घेतला. त्याला आता तीस वर्षं होऊन गेली. एक अँप्लिफायर, एक कॅसेटचा डेक, एक तबकड्या वाजवायचा रेकॉर्ड प्लेअर आणि गुडघ्याएवढे उंच दोन लाकडी डबे. हल्लीच्या मुलांना हे सांगावं लागतं की यातलं एकेकटं काहीच वाजत नाही. डेकमध्ये कॅसेट फिरते पण त्याला तोंड नाही. डब्यांना तोंड आहे पण त्यांच्याजवळ सांगायला काही नाही. मधला अँप्लिफायर एकाचं ऐकून घेतो आणि दुसऱ्याला बोलतं करतो. सगळे तारांनी जोडावे लागतात, आणि एक पिन चुकली की सगळं घर मुकं.

मोहनरावांनी तो एका सकाळी जोडून दिला आणि त्यांच्यापुरता तो विषय संपला. जो आवाज शेजारच्या वाडीला ऐकू जात नाही तो आवाज कसला, असं त्यांचं मत. खोलीतल्या खोलीत वाजणारं यंत्र त्यांना मनातून बायकीच वाटत असावं.

बाईंना त्यातलं जे सापडलं ते केर काढताना सापडलं. दुपारची वेळ, मोहनराव कुठल्याशा लग्नाला गेलेले. डेकमध्ये कव्हर हरवलेली एक कॅसेट. कुणी एक बाई गात होती. तिचं नाव तेव्हाही माहीत नव्हतं, आजही नाही. डाव्या डब्यातून तबला, उजव्यातून पेटी. वत्सलाबाई खाली वाकून झाडत झाडत मागं सरकत होत्या. भिंतीपासून चौथ्या शहाबादी फरशीवर आल्या आणि हातातला झाडू थांबला. गाणारी बाई समोर उभी होती. डाव्या डब्यात नाही, उजव्या डब्यातही नाही. दोन्हींच्या मधे, जिथं नुसती पोपडे धरलेली भिंत होती, तिथं छातीएवढ्या उंचीवर तिचा आवाज सुरू होत होता. पाऊलभर बाजूला झालं की ती नाहीशी. परत फरशीवर आलं की हजर. वत्सलाबाई झाडू हातात घेऊन चार-पाच वेळा आत-बाहेर झाल्या, पाण्यात पाय घालून बघावा तशा. मग झाडू भिंतीला टेकवून खाली बसल्या.

घरात त्यांना जागा नव्हती असं नाही. चुलीपुढं होती, जात्यापाशी होती, ओसरीत तारांच्या ढिगाशी होती. पण त्या कामाच्या जागा. काम उठलं की जागाही उठायची. ही एकच अशी होती की तिथं काही करायचं नसतं. हललं तर ती मोडते. भांडी झाली की दोन ते तीन, तासभर त्या तिथं बसायच्या. तीस वर्षांत कुणाला त्यांनी यातलं काही सांगितलं नाही. चोरी म्हणून नव्हे. आपल्याला ऐकू येतं तसं सगळ्यांनाच येत असेल, त्यात सांगायचं काय, असं त्या धरून चालल्या होत्या.

दर दिवाळीला घराला चुना लागायचा. म्हणजे यंत्र उचलणं आलं, तारा काढणं आलं, परत जोडणं आलं. पहिल्याच वर्षी नेमके मोहनराव बाहेर. तारा सगळ्या त्यांच्या दुकानातल्या, काळ्या, एकीसारखी दुसरी. अँप्लिफायरच्या पाठीवर चौदा भोकं. बाईंनी काढायच्या आधीच खूण करून ठेवली. उजव्याला कुंकवाचं बोट, डाव्याला पानातला चुना. भोकालाही आणि त्यात बसणाऱ्या पिनेलाही. डेकला एक ठिपका, तबकडीला दोन. डब्यांच्या तारा सुट्या असतात, त्यांतल्या एकीला गाठ. गाठीची तार लाल चिमट्यात. एवढ्या खुणांवर त्या दरसाल तासाभरात सगळं परत उभं करायच्या. मोहनरावांनी पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा ते म्हणाले होते, "अँप्लिफायरला सवाशीण केलंस का काय गं?" पण खुणा त्यांनी पुसल्या नाहीत. पुढं तर त्यांच्याकडं कुणी स्टिरिओ जोडायला विचारलं की म्हणायचे, "आमच्याकडं एक सिस्टिम हाय त्याची."

यंदा घटस्थापनेच्या आधी कडा गावी दिलेल्या लेकीचा, संगीताचा, मनगटाशी हात मोडला. बाई तिच्याकडं गेल्या ते दसरा-दिवाळी तिकडंच करून दोन महिन्यांनी परतल्या. घराला रंग दिलेला होता. आता चुना नाही, डब्यातला रंग, फिकट पिस्त्याचा. बैठकीतली ती भिंत मोकळी. स्टिरिओ आतल्या खोलीत बाजेवर ठेवलेला, एकावर एक रचून, आणि तारा सुनेनं नीट घडी घालून रबरात अडकवलेल्या.

सकाळी चहाच्या वेळी अभिमन्यूनं विषय काढला. हा त्यांचा मुलगा. हायवेच्या कडेला त्याचं ऑनलाइन अर्ज भरायचं दुकान आहे. दिवसभर लोकांचे अंगठे मशिनवर दाबून घेतो आणि संध्याकाळी घरी येऊन टीव्ही बघतो.

"आई, ते तुझं बंद पडलंय. दिवाळीत लावून बघितलं मी. नुसतं घुर्र करतंय."

"बरं."

"सिदू मिस्त्री यायलाय आज चारला. त्या भिंतीला टीव्हीचं युनिट करायचंय, माप घेतो म्हणला. भंगारवाल्याला सांगून ठेवू का?"

बाईंनी बशीतला चहा संपवला. "आणि चालू असलं तर?"

"चालू असलं तर ठेवू की. माझं काय जातंय. पण चारच्या आत सांग. सिदू एकदा लग्नसराईच्या कपाटांच्या कामात घुसला म्हणजे चैत्रापर्यंत घावायचा न्हाई."

पोरगं वाकडं बोललं नव्हतं. उलट सरळच बोललं होतं, आणि सरळ बोलण्याला उत्तर देणं अवघड. मला तो स्टिरिओ हवा आहे, एवढं म्हणता आलं असतं. पण त्यांना स्टिरिओ कुठं हवा होता. त्यांना हवी होती ती चौथी फरशी आणि तिच्यासमोरची रिकामी हवा. ती कुणाकडं आणि कशी मागायची?

जेवणं उरकल्यावर एक वाजता त्यांनी पदर खोचला. अँप्लिफायर आणि बाकीची यंत्रं बैठकीत आणली, डबे भिंतीशी पूर्वी होते तिथं ठेवले. मोहनराव खुर्चीत येऊन बसले. सत्तरी झालेली, उजवा हात आताशा कापतो. कपातला चहा बशीत सांडतो म्हणून ते तो बशीतच ओतून घेतात.

"जोडायला काय, दहा मिन्टाचं काम," ते म्हणाले. "मी सांगतो तसं करत जा."

बाईंनी अँप्लिफायरची पाठ उजेडाकडं फिरवली आणि त्या तशाच राहिल्या. चौदाच्या चौदा भोकांना कुंकू. पिनांनाही कुंकू. डब्यांच्या चिमट्यांना कुंकू. वर चार अक्षता चिकटलेल्या.

"मनिषा," त्यांनी आत हाक मारली.

सून हात पुसत आली. बीडला बी. ए. झालेली, घरात येऊन चार वर्षं झालेली, अंगानं बारीक, कामाला चटपटीत पोरगी.

"हे कुणी केलं?"

"मी केली की पूजा, आत्या. खंडेनवमीला." बाईंचा चेहरा बघून तिचा आवाज उतरत गेला. "घरातल्या समद्या मशिनींची केली. मिक्सर, शिलाई मशिन, ह्यांची गाडी. ह्याला मागं बघितलं तर निम्म्या भोकांना जुनं कुंकू दिसलं. मला वाटलं, आत्या दरसाल लावतात. मग निम्म्यांनाच कावून? बाकीच्यांनी काय पाप केलं? म्हणून सगळ्यांना लावलं."

"आणि चुना?"

"चुन्याचे डाग पडलते. ते आधी घासून काढले."

मोहनराव खुर्चीत हलायला लागले. आधी आवाज नव्हता, मग हसू खोकल्यासारखं फुटलं. "घ्या. तू एकटी सवाशीण केलतीस, सुनेनं आख्खं वऱ्हाड उभं केलं. अक्षता बी टाकल्या. मंगलाष्टकं म्हणलीस का न्हाई गं?"

"मामा," मनिषा रडवेली झाली.

वत्सलाबाईंना राग आला होता. तो छातीपर्यंत येऊन थांबला. त्या पोरीच्या हातचं कुंकू बघत राहिल्या. प्रत्येक भोकाला नेमकं, गोल, कडेला न फासता लावलेलं. आपण घाईनं बोट टेकवायचो, हिनं मन लावून टेकवलं होतं. तीस वर्षं त्या कुंकवानं लिहीत आल्या होत्या, आणि त्यांची लिपी वाचणारी पहिली बाई भेटली तिनं त्या लिपीचाच देव केला.

"पूजा चांगली केलीस," त्या म्हणाल्या. "पर आता मला ह्यातलं काई वाचता येईना झालंय."

"मला येतं की वाचता," मनिषा म्हणाली. "हितं सगळं लिहिलंय."

ती खाली बसली. मोबाइलचा दिवा लावून ओल्या फडक्यानं एकेक अक्षर पुसत वाचायला लागली. "फोनो. ट्यूनर. ऑक्स. टेप प्ले. टेप रेक. आणि कडेला एल, आर. म्हणजे डावं, उजवं."

"फोनो म्हणजे तबकडी," मोहनराव म्हणाले. "ते मला झोपेत ईच्चार. डेकची तार टेप रेकला."

"न्हाई," बाई म्हणाल्या.

"काय न्हाई? मी जोडलंय ते."

"तुमी एकदा जोडलं. मी तीस बारी जोडलं." त्या रागानं बोलल्या नव्हत्या. डोळे मिटून त्या बोटं हवेत हलवत होत्या, जणू यंत्राची पाठ समोर नसून आतच कुठं होती. "आवाज डेकातून निघतो ना? मग डेकाचं निघायचं भोक बघ. आणि ह्याचं शिरायचं. पाटाचं बारं फोडून रानात पाणी घेतो तसं. शेंड्याकडून पाणी सोडून कसं चालंल?"

मनिषानं डेकच्या मागं वाकून बघितलं. "लाइन इन, लाइन आऊट. म्हणजे आऊटमधून निघायचं. आणि हितं टेप प्लेमधे शिरायचं. रेक म्हणजे परत डेककडं जायचं, कॅसेट भरायची असली तर."

"तेच म्हणलो मी," मोहनराव म्हणाले.

"तुमी रेक म्हणला, मामा."

"मी तुला तपासत होतो."

तिघांनी मिळून काम धरलं. एकीला अक्षरं कळत होती पण आवाजाची वाट कळत नव्हती, एकीला वाट कळत होती पण अक्षरं नाहीत, आणि तिसऱ्याला दोन्ही येत होतं पण क्रम विसरला होता. डावी पिन बसली. उजवी बसेना. मनिषानं दाबून बघितली, फिरवून बघितली.

"जोर नको करू," बाई म्हणाल्या. त्यांनी पिन काढून भोकावर बोटाचं टोक ठेवलं. नजरेला काही दिसत नव्हतं, बोटाला लागलं. मंगळसूत्राला अडकवलेली सेफ्टी पिन त्यांनी सोडली, सरळ केली, आणि काट्यानं काटा काढावा तशी अलगद आत फिरवली. तांदळाचा एक दाणा बाहेर आला, लालभडक, निम्मा चेपलेला.

तिघंही त्या दाण्याकडं बघत राहिले.

"म्हणजे दिवाळीत ह्यांनी लावलं तवा पिन हितं बसलीच नसंल," मनिषा हळूच म्हणाली.

"मग त्यानं दुसऱ्याच भोकात घातली आसंल. तबकडीच्या." मोहनराव आता खुर्चीतून पुढं झुकले, हे त्यांचं राज्य होतं आणि इथं ते खरे जाणकार होते. "तबकडीचा आवाज मुळात बारीक. ते भोक त्याला आधी फुगवून घेतं. तिथं डेकासारखं आडदांड सोडलं की फाटणारच. घुर्र न्हाई करणार तर काय भजन म्हणंल?"

एका दाण्यापायी भंगारात निघालं होतं सगळं. मनिषानं तो दाणा उचलून पदराच्या टोकात बांधला, का ते तिलाही सांगता आलं नसतं.

डब्यांच्या तारांची टोकं अभिमन्यूनं दिवाळीत कापून नव्यानं सोलली होती. काळवंडलेल्या गाठी त्याला गचाळ वाटल्या असणार. चार तारा, चारही सारख्या. कुठली वरच्या लाल चिमट्यातली, कुठली खालच्या, हे आता कुणालाच ठाऊक नव्हतं. बाईंनी अंदाजानं चिमट्यांत धरल्या.

साडेतीनला बटण दाबलं. अँप्लिफायरचा पिवळा दिवा लागला, डेकची चाकं फिरायला लागली, आणि ती कव्हर हरवलेली बाई दोन्ही डब्यांतून गायला लागली.

"वाजलं, आत्या."

"दहा मिन्टाचं काम म्हणलं नव्हतं का," मोहनराव म्हणाले. एक वाजल्यापासून अडीच तास झाले होते.

वत्सलाबाई उठून चौथ्या फरशीवर जाऊन बसल्या. दोन महिन्यांनी बसत होत्या. डोळे भिंतीवर ठेवले आणि थांबल्या.

समोर कुणी नव्हतं.

आवाज होता, भरपूर होता. पण तो खोलीभर पसरला होता, पातळ, पाय नसलेला. कधी कानामागून आल्यासारखा, कधी छताकडून. तबल्याचं पोट गेलं होतं, नुसती कातडी वाजत होती. मधल्या जागेत, जिथं ती उभी राहायची, तिथं भोक पडलं होतं.

तेवढ्यात बाहेर मोटारसायकल थांबली. अभिमन्यू आणि सिदू मिस्त्री वेळेआधीच आले. सिदू चाळिशीचा, कानावर पेन्सिल, गळ्यात मापाची पट्टी.

"आरं, वाजतंय की," अभिमन्यू दारातच थांबला. त्याला खरोखर आनंद झाला होता. "आई, जिंकलीस बग. राहू दे मग. सिदू, आसं कर. टीव्ही मधोमध. आन् हे डबे एकावर एक ठिवून त्या कोपऱ्यात घे, दारामागं. जागा बी वाचती, गाणं बी ऱ्हातं."

"सोपं हाय," सिदू म्हणाला आणि पट्टी ओढली.

गप्प राहण्याएवढं सोपं काही नव्हतं. मुलानं शब्द पाळला होता. यंत्र राहिलं होतं, भंगारवाला टळला होता, नवरा आणि सून खूश होते. जे जाणार होतं ते कुणाला दिसतच नव्हतं, आणि आजच्या घडीला तर ते बाईंनाही ऐकू येत नव्हतं. कदाचित दोन महिन्यांत आपलेच कान गेले असतील. कदाचित तिथं कधी कुणी नव्हतंच. असं मनात आलं तेव्हा त्यांना पहिल्यांदा भीती वाटली.

मग त्यांना एक वर्ष आठवलं. संगीताच्या लग्नाच्या आदल्या दिवाळीचं. तेव्हाही ती गाणारी अशीच हरवली होती, आणि एका डब्याच्या तारा उलट लागल्यात हे ध्यानात येईपर्यंत चार दुपारी त्या तिला शोधत होत्या.

"मनिषा, बंद कर."

"का गं?" अभिमन्यू म्हणाला. "वाजतंय ना?"

"सिदू, जरा दम धर बाबा. पट्टी ठिव खाली."

त्या डाव्या डब्यामागं गेल्या. गुडघे मोडून बसल्या. दोन तारा चिमट्यांतून सोडवल्या आणि वरची खाली, खालची वर, अशा परत धरल्या. उजव्याला हात लावला नाही.

"एकाचा श्वास आत आन् एकाचा बाहीर व्हता," उठता उठता त्या म्हणाल्या. कुणाला उद्देशून म्हणाल्या ते कळलं नाही. "लाव आता. आभी, हितं ये. न्हाई, तिथं न्हाई. ह्या फरशीवर. बस खाली."

"मी कशाला?"

"बस म्हणते ना."

पण अभिमन्यूचा फोन वाजला आणि तो कुणाला तरी आधारचा नंबर सांगत ओसरीत गेला. बाई त्या रिकाम्या फरशीकडं बघत उभ्या राहिल्या. सिदूला ते बरं वाटलं नसावं. तो चपला बाहेर सोडून आला आणि मांडी घालून तिथं बसला.

"मी बसतो, काकू. काय करायचं?"

"काई न्हाई. हलू नको."

मनिषानं बटण दाबलं. सिदू आधी डाव्या डब्याकडं बघत होता, मग उजव्याकडं. मग त्याची मान मधे आली आणि तिथंच राहिली. कानावरची पेन्सिल त्यानं उगीचच काढून हातात घेतली.

"काकू," तो म्हणाला, "ही बाई कुठं उभी हाय?"

वत्सलाबाईंनी त्याच्याकडं बघितलं. ती होती. आपण बाजूला उभ्या होतो म्हणून आपल्याला दिसत नव्हती, पण होती. मिस्त्रीच्या डोळ्यांत दिसत होती.

"मला बी बघू द्या," मनिषा म्हणाली, आणि सिदूला उठवून बसली. तिचं तोंड थोडं उघडं राहिलं. फोन संपवून अभिमन्यू आत आला तर बायको जमिनीवर आणि मिस्त्री भिंतीला हात लावून तिथं आत काही आहे का बघत होता.

"काय चाललंय हे?"

"डबे एकावर एक ठिवायचे न्हाईत," सिदू म्हणाला. "कोपऱ्यात तर न्हाईच न्हाई. काम बिघडतंय सगळं."

"तुला रं काय कळतंय त्यातलं?"

"कळत न्हाई, पर बसून बघितलंय. तू बस आन् मग बोल बे."

अभिमन्यू बसला. कॅसेटची ती बाजू संपेपर्यंत तो उठला नाही, आणि त्याच्या फोनला दोनदा कंप आला तो त्यानं मांडीखाली दाबून ठेवला. उठला तेव्हा आईकडं न बघता म्हणाला, "तू रोज दुपारी हितं बसतीस ते ह्यासाठी? मला वाटायचं कंबर दुखती."

"कंबर बी दुखती," बाई म्हणाल्या.

मोहनरावांनाही बसायचं होतं. सुनेनं आणि बाईंनी त्यांना हात देऊन खाली बसवलं. कॅसेटची बाजू बदलून परत लावली. त्यांनी मान कलती केली, डोळे मिटले. कर्ण्यांखाली आयुष्य गेलेला माणूस. त्यांचा डावा कान जवळजवळ गेला आहे हे घरात फक्त वत्सलाबाईंना माहीत होतं. एका कानाला मधोमध असं काही नसतं. तो माणूस थोडा वेळ ऐकत राहिला, मग त्यानं डोळे उघडले आणि बायकोकडं बघितलं.

"हाय की," ते म्हणाले. "समोरच हाय."

बाईंनी मान हलवली. त्यांना ते खोटं फार आवडलं.

सिदूनं माप घेतलं ते भिंतीच्या टोकापासून नाही. पट्टीचं एक टोक त्यानं फरशीवर अंगठ्यानं दाबून धरायला मनिषाला सांगितलं आणि दुसरं टोक आधी डाव्या डब्यापर्यंत नेलं, मग उजव्यापर्यंत. दोन बोटांचा फरक निघाला. उजवा डबा त्यानं तेवढा सरकवला आणि बाईंना विचारलं, "आता बरोबर हाय का, काकू?" असं मोजमापाचं बाईंना आजवर कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी थोडं मागं घे म्हणून सांगितलं. त्यानं घेतलं. टीव्ही मधोमध येणारच होता, त्याला बाईंची हरकत नव्हती. तो बंद असताना त्या गाणारीला त्याच्या पुढं उभं राहायला कितीशी जागा लागते. आकडे सिदूनं पेन्सिलीनं कागदाच्या पाठीवर लिहिले आणि डब्यांच्या जागी दोन उभे चौकोन काढले.

मनिषा चहा ठेवायला गेली आणि जाता जाता आणखी एकदा फरशीशी थांबली, पण तिथं सासरे होते. अभिमन्यू म्हणत होता की रेकॉर्ड प्लेअरही लावून बघू. सिदूला त्याच्या आईला एकदा आणून ऐकवायचं होतं. ती म्हणे कपिलधारला गेली की धबधब्याखाली अशीच एका जागी तासभर बसते, उठवलं तरी उठत नाही.

वत्सलाबाई दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. आत गाणं चालू होतं. मोहनराव मांडी घालून अजून तिथंच, ऐकू येत असल्यासारखे, ताल चुकवत गुडघ्यावर कापरा हात टेकवत होते. उन्हं भिंतीवर चढली होती. बाईंची रोजची वेळ कधीच टळून गेली होती आणि आज अजून त्यांना बसायला मिळालं नव्हतं. तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना तिथं नंबर लावून थांबावं लागत होतं.

त्यांनी थोडी वाट बघितली. मग पुढं होऊन नवऱ्यापुढं हात धरला.

"उठा आता," त्या म्हणाल्या. "माझी जागा हाय ती."